'बॉयकॉट'मधला बॉय कोण?

प्रश्न असा आला आहे : 'बॉयकॉट'मधल्या 'बॉय'चा मुलाशी आणि 'कॉट'चा खाटेशी काही संबंध आहे का? काडीचाही नाही. हे चक्क एका माणसाचं आडनाव.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. नापिकीमुळे कुळांनी १८८० साली खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांच्या पुढे जाईना. बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात पार्नेल या पुढाऱ्याने एनिसच्या सभेत सांगितलं होतं की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी कुणी बोलू नका, व्यवहार करू नका. मेयोकरांनी तोच उपाय थेट कारभाऱ्यावर केला. गडीमाणसं निघून गेली, दुकानदार माल देईना, कपडे धुणारी येईना, टपालही बंद. बटाटे आणि सलगम शेतात तसेच! ते काढायला उत्तरेकडून ५० माणसं आणली, त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई. पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड गेले, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. डिसेंबरात बॉयकॉटसाहेबांनी आयर्लंड सोडलं.

शब्दाचं श्रेय फादर जॉन ओ'मॅली या तिथल्या पाद्र्याला देतात. जेम्स रेडपाथ हा अमेरिकन पत्रकार शब्द शोधत होता. 'ऑस्ट्रसाइझ' (समाजाबाहेर काढणे) हा शब्द कुळांच्या तोंडी बसणार नाही, त्यापेक्षा 'बॉयकॉट' म्हणू, असं फादरनी सुचवलं. वर्ष सरायच्या आत शब्द लंडनच्या वर्तमानपत्रांत पोचला; पुढे फ्रेंच आणि जर्मननेही तो उचलला.

आता मराठीचं. बॉयकॉटला 'वाळीत टाकणे' हा प्रतिशब्द सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. मेयोत दुबळ्यांनी सत्तेची कोंडी केली. वाळीत मात्र जातपंचायत किंवा गावच एखाद्या घराला टाकतं, पाणवठा तोडतं, रोटीबेटी बंद करतं. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार पहिल्या प्रकारचा. पण 'बहिष्कृत भारत' या आंबेडकरांच्या पाक्षिकाच्या नावात दुसरा अर्थ आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यातही तोच. म्हणजे 'बहिष्कार' दोन्हीकडे चालतो, 'वाळीत' एकाच बाजूला. विभक्तीही बघा : परीक्षेवर, निवडणुकीवर, परदेशी मालावर बहिष्कार टाकतात, वाळीत टाकतात ते माणसाला. 'अमुक सिनेमाला वाळीत टाका' हे म्हणूनच कानाला खटकतं.