खोडलेली ओळ

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. "मला आतून स्थिर व्हायचंय, इतकं की कशानेच हलायला नको," असं तू लिहिलं आहेस. पण त्याच्या वर एक ओळ खोडलेली दिसली. कागद उजेडाला धरून मी ती वाचली (वाईट खोड आहे, माहीत आहे). तिथे होतं, "कुणी चूक दाखवली की माझा आवाज चढतो." खरं सांगू? तुझ्या चार पानांतली सगळ्यात कामाची ओळ तीच, आणि नेमकी तीच तू खोडलीस.

आधी स्थिर होण्याचं बघू. जरा उठ आणि एका पायावर उभं राहून बघ. पत्र हातात असू दे. घोट्याकडे लक्ष दे. तो सारखा आत-बाहेर होतोय, बोटं जमीन धरतायत, सोडतायत. बघणाऱ्याला वाटेल, काय छान तोल आहे. प्रत्यक्षात तोल दर क्षणी जातोय आणि सावरला जातोय. आता डोळे मीट. हेलकावे लगेच वाढतील. तोल राखताना शरीर डोळे, आतला कान आणि पायांतले स्नायू-सांधे यांच्या खबरांवर चालतं, आणि त्यातली एक खबर तू बंद केलीस. पाय तोच, ताकद तीच, फक्त बातमी कमी झाली. मनाच्या तोलाचंही मी असंच समजते. अजिबात न हलणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. आपण हललोय हे ज्यांना लवकर कळतं, अशी मात्र दोन-चार भेटली.

मला ते फार उशिरा कळायचं. तिशीत असताना एका सहकाऱ्याने बैठकीत सगळ्यांसमोर माझी चूक दाखवली. मी हसून "बरोबर, बघते" म्हटलं. रात्री त्याला उत्तर लिहायला बसले ती दीड वाजेपर्यंत. आठ ओळींचं उत्तर दोन पानांवर गेलं. मध्येच लक्षात आलं की जबडा दुखतोय. संध्याकाळपासून दात आवळलेले होते आणि मला पत्ताच नव्हता. उत्तर पाठवलं नाही. मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही, झोप आली. पण दुसऱ्या दिवशी एक वही काढली.

वहीचा नियम एकच: कारणं लिहायची नाहीत. काय झालं, अंगात कुठे जाणवलं, पुढे मी काय केलं, एवढंच. "दुपारी. आकडा चुकल्याचं सांगितलं. कान गरम. तिसऱ्याच माणसावर खेकसले." बास. दोनेक महिन्यांनी पानं उलटली तेव्हा एक गोष्ट दिसली. खोटा ठपका आला तेव्हा मी दर वेळी शांतपणे खुलासा केला होता. भडकले होते ती फक्त समोरच्याचं बरोबर असताना! तोवर मी स्वतःला 'अन्याय सहन न होणारी' समजत होते. किती देखणं बिरुद. ते काढून ठेवताना बऱ्यापैकी लागलं.

कारणं का नकोत, तेही सांगते. १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांपुढे लांब मोज्यांच्या चार जोड्या ठेवल्या आणि सगळ्यात चांगली कुठली ते विचारलं. चारही जोड्या अगदी सारख्या होत्या. तरी उजव्या टोकाची जोडी कितीतरी जास्त वेळा निवडली गेली. निवडीचं कारण विचारलं तेव्हा जागेचं नाव कुणीच काढलं नाही, आणि जागेचा परिणाम झाला असेल का असं सुचवल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते उडवून लावलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. 'का' विचारलं की आपलं मन लगेच आपलंच वकीलपत्र घेतं, आणि वकील हुशार असतो. म्हणून आधी नुसता पंचनामा कर. कारण कधीकधी पंचवीस-तीस नोंदींनंतर आपणहून वर येतं, कधी येतही नाही.

भावनेला नाव मात्र जरूर दे, आणि नेमकं दे. 'कसंतरी होतंय' चालणार नाही. लाज आहे, हिरमोड आहे, की मत्सर? मत्सर हा शब्द लिहायला मला वर्ष लागलं. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रं घेऊन पाहिलं होतं: रागावलेले, घाबरलेले चेहरे बघताना त्या भावनेला शब्द दिला, की भीतीसारख्या भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद मंदावत होता. तेवढ्यावरून वहीला औषध ठरवायचं नाही. पण 'मत्सर' लिहिल्यावर माझे खांदे खाली आले होते, हे मला आठवतं.

एक धोका आहे. तुझ्यासारख्या विचारी माणसांना वही मिळाली की ती रवंथ करत बसतात. म्हणून दहा मिनिटं, मग वही बंद. तोच प्रसंग तिसऱ्यांदा लिहायला घेतलास तर पेन ठेव आणि चालायला जा. आणि झोप उडाली, कशातच रस वाटेना, असं दोन आठवडे सलग चाललं, तर वहीवर विसंबू नकोस, डॉक्टरांना भेट. तिथे माझ्यासारखीचा सल्ला पुरत नाही.

माझं म्हणशील, तर कान आजही गरम होतात. फरक इतकाच की आता आधी कान कळतात, मग तोंड उघडतं. बहुतेक वेळा. गेल्याच महिन्यात एकदा तोंड आधी उघडलं, आणि ज्याच्यावर उघडलं त्याला दुसऱ्या दिवशी फोन करावा लागला.

तुझी पहिली नोंद तर झालेलीच आहे: "कुणी चूक दाखवली की माझा आवाज चढतो." तिच्यापुढे एवढंच लिही, की चढण्याआधी घशात, छातीत, हातांत काय होतं. आठवत नसेल तर पुढच्या वेळी बघ. आणि पत्रात पुन्हा खाडाखोड करायची असेल तर खुशाल कर. मी कागद उजेडाला धरणारच आहे.

तुझी,
मावशी