डायलिसिसवर असलेले वडील पथ्य आणि गोळ्या का टाळत असतील?

आपण लिहिले आहे की वडील दीड वर्षापासून डायलिसिसवर आहेत, सर्व समजावूनही पाणी जास्त पितात, गोळ्या चुकवतात आणि अधूनमधून ‘आज जात नाही’ म्हणून बसून राहतात. हा निव्वळ हट्ट आहे की मनाचे काही दुखणे, असा आपला प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही, डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास रुग्णांच्या उशाशी वावरताना जे पाहिले त्यावरून सांगते, की ‘हट्ट’ हे उत्तर क्वचितच खरे निघते.

डायलिसिसपूर्वी रुग्णाचे वजन करतात, कारण मधल्या दिवसांत वाढलेले वजन म्हणजे मुख्यतः अंगात साठलेले पाणी. एक गृहस्थ काट्यावर चढण्यापूर्वी घड्याळ, पाकीट, चपला असे सगळे काढून ठेवत आणि आकड्याकडे न बघता आमच्या चेहऱ्यांकडे बघत. आकडा वाढला की कोणीतरी बोलणार, हे त्यांना ठाऊक असे. पुढे त्यांच्या खेपा चुकू लागल्या, आणि त्याही नेमक्या पाणी जास्त झालेल्या दिवशी, म्हणजे डायलिसिसची गरज सर्वाधिक असताना. आमच्या बोलण्यातून ते एवढेच शिकले होते, की चूक झाली तर तोंड दाखवू नये. त्यांना बोलणाऱ्यांत मीही होते, याची खंत मला आजही वाटते.

शिवाय तहान ही इच्छाशक्तीची परीक्षा नाही. मीठ जास्त गेले की तहान लागणारच. मधुमेहात साखर वाढली तरी लागते. त्यामुळे पाण्यावरून टोकण्याआधी मिठाकडे पाहावे.

गोळ्यांचे कारण आणखी निराळे आहे. रक्तातला फॉस्फरस आटोक्यात ठेवणारी गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते, ती घेऊन लगेच बरे वाटत नाही आणि चुकली तरी त्या दिवशी काही बिघडत नाही. नुकसान हाडांत आणि रक्तवाहिन्यांत हळूहळू होत राहते. ज्याचा गुण जाणवत नाही त्या औषधावर मन बसत नाही, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. कोणती गोळी कशासाठी आहे हे वडिलांना डॉक्टरांकडून एकेक करून समजून घेऊ द्या, आणि कोणत्या गोळीने पोट बिघडते किंवा बद्धकोष्ठता होते का, हेही विचारा.

परंतु मला सर्वात जास्त काळजी वाटते ती नैराश्याची. डायलिसिसच्या रुग्णांत ते साधारण चारपाच जणांमागे एकाला असते, तरी पुष्कळदा नजरेतून सुटते, कारण थकवा, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही लक्षणे मूत्रपिंडाच्या आजारातही असतातच. म्हणून शरीराच्या तक्रारींपेक्षा, पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमतो का, आणि ‘मी तुमच्यावर ओझे झालो’ असे बोलणे वाढले आहे का, याकडे लक्ष द्या. ‘जगून काय करायचे’ असे एकदा जरी म्हणाले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. यावर उपचार आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डायलिसिस चालू असताना खुर्चीशेजारी बसून केलेले समुपदेशन आणि सर्ट्रालिन हे औषध, या दोहोंनीही १२ आठवड्यांत रुग्णांची उदासी कमी झाली. औषधाचा गुण किंचित जास्त आणि दुष्परिणामही जास्त होते. कोणता मार्ग घ्यायचा हे त्यांचे मूत्रपिंडतज्ज्ञ ठरवतील. मनाने कोणतेही औषध सुरू करू नये.

घरात मात्र एक गोष्ट आजपासून करता येईल. आहार, पाणी, वेळ, सगळे दुसऱ्यांनी ठरवलेले असताना माणसाच्या हाती स्वतःचे असे काही उरत नाही, आणि मग नाही म्हणणे एवढेच त्याचे राहते. दिवसभराचे पाणी त्यांनीच सकाळी मोजून भरावे आणि कधी किती प्यायचे तेही त्यांनीच ठरवावे. हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने धमनी व शीर जोडून केलेली जागा) असेल तर रोज त्यावर हलकेच बोटे ठेवून आतली थरथर त्यांनीच तपासावी, आणि ती जाणवली नाही तर डायलिसिस केंद्राला ताबडतोब फोनही त्यांनीच करावा.