बाईंना विचारा : काहिलीच्या बुडाशी गाडी लावू नका

प्रश्न : बाई, स. न. वि. वि. मुलगा शिकागोला असतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं, मुलगा-सून आणि ८ नि ५ वर्षांची नातवंडं असे सहाजण आरव्ही, म्हणजे ते चाकांवरचं घर, भाड्यानं घेऊन निघणार आहोत. गाडी २५ फुटी ठरली आहे. नातवाला शाळेत हिमयुग शिकवलंय, त्यामुळे बर्फानं कोरलेली जमीन बघायचीच असा त्याचा हट्ट. मुलगा म्हणतो मोंटानातलं ग्लेशियर नॅशनल पार्क, सून म्हणते जवळचं विस्कॉन्सिनमधलं डेव्हिल्स लेक. ह्यांना रात्री झोपताना श्वासाचं मशीन लावावं लागतं. कुठं जावं, आणि गाडी लावून मुक्काम करतात त्या तळावर जागा कशी निवडावी?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, या खेपेला सुनेचं ऐका.

तुमच्या पत्रातल्या दोनच गोष्टींनी निकाल लागतो. एक ते २५ फूट आणि दुसरं ह्यांचं मशीन. ग्लेशियर पार्कचा जीव म्हणजे 'गोइंग टू द सन' नावाचा रस्ता. सुमारे ८० किलोमीटर, डोंगराच्या कडेकडेनं, वर लोगन पास या खिंडीत २,०२५ मीटर उंची. त्याचा मधला पट्टा, ॲव्हलांच क्रीक ते रायझिंग सन, तिथं बंपर धरून २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरसे धरून ८ फुटांपेक्षा रुंद गाडी सोडतच नाहीत. म्हणजे ज्यासाठी जायचं तिथंच तुमची गाडी अडणार. बरं, जूनअखेर हा रस्ता वरपर्यंत उघडा असेलच असं नाही. बर्फ उपसता उपसता एखाद्या वर्षी जुलैचा मध्य उजाडतो. आणि पार्कातल्या तळांवर जागेवर वीज नाही. जनरेटर लावायचा तो नेमून दिलेल्या तासांतच, रात्री नाही. वेस्ट ग्लेशियर आणि सेंट मेरी या वेशीवरच्या गावांत खासगी तळ आहेत, तिथं वीज-पाणी मिळतं. पण शिकागोहून तिथवर अडीच हजार किलोमीटर होतात. ५ वर्षांचं पोर नि तुमचे गुडघे घेऊन जाऊन-येऊन पाच हजार? नको.

मुलगा फारच हिरमुसला तर त्याला सांगा, पुढच्या खेपेला ऑगस्टात गाडी दारात ठेवून रेल्वेनं जाऊ. शिकागोहून 'एम्पायर बिल्डर' दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेस्ट ग्लेशियरला उतरवते. पुढे त्या घाटात नेणाऱ्या लाल बसगाड्या आहेत, १९३० च्या दशकात बांधलेल्या, वरचं कापडी छप्पर गुंडाळता येतं. आपल्या लाल डब्याची अमेरिकन आत्याच म्हणा. त्या जुन्या गाड्यांचे गिअर इतके करकरायचे की चालकांना 'जॅमर' हेच नाव पडलं, ते आजही चालतं. मला तरी त्या नावानं परळ-रत्नागिरी रातराणीची आठवण झाली.

आता डेव्हिल्स लेक. शिकागोहून तीन-साडेतीन तास. दोन्ही बाजूंना क्वार्टझाइट या कठीण खडकाचे दीडशे मीटरपर्यंत उंच जांभळट कडे आणि मधे तळं. पूर्वी या घळीतून नदी वाहत होती. हिमनदी आली, तिनं पुढे रेटत आणलेला दगडगोट्यांचा ढिगारा घळीच्या दोन्ही तोंडांशी टाकला आणि मागे सरकली. दोन बांधांमधे पाणी कोंडलं, तेच हे तळं. त्या बांधांना आपण शाळेत 'हिमोढ' म्हणतो. मी तीस वर्षं फळ्यावर हिमोढ काढला, ताई, आणि तोवर बर्फ पाहिला होता तो फक्त मिरकरवाड्याच्या जेट्टीवर, बांगड्यांच्या टोपल्यांवर फोडून टाकलेला. अमेरिकेत लेकीकडे गेले तेव्हा त्या बांधावर उभी राहिले आणि चक्क ओरडले, "अगं, हा खरंच असतो!"

जागा निवडायची ती जमीन वाचून. आपण घर बांधताना काय करतो? पाणी कुठून येतं, कुठं साचतं ते बघतो. खाजणाच्या कडेला कुणी जोतं घालत नाही. अमेरिकेत मात्र तळ्याचा फोटो बघून भुलायला होतं. आम्हीही भुललो. विस्कॉन्सिनमधल्याच एका तळावर (नाव लिहीत नाही, दोष आमचा होता) लेकीनं तळीकाठची, झाडांनी वेढलेली जागा धरली. ते तळं म्हणजे केटल. हिमनदी मागे हटताना बर्फाचा एखादा प्रचंड तुकडा वाळू-गोट्यांत गाडला जातो, सावकाश वितळतो आणि वरची जमीन खचून काहिलीसारखा खड्डा उरतो. आम्ही त्या काहिलीच्या बुडाशी. रात्री थंड हवा उतारावरून घरंगळत खाली आली आणि तिथंच बसली. जून महिना, आणि मी दोन गोधड्यांत कुडकुडत! वर डास. सकाळी जरा वरच्या अंगाला राहिलेलं कुटुंब साध्या कपड्यात चहा पीत होतं. शिवाय आमची गाडी एका अंगाला कललेली. आरव्हीतला गॅसवर चालणारा जुन्या धाटणीचा फ्रीज कललेल्या गाडीत थंड होत नाही, हे आम्हाला विरजण फसफसल्यावर कळलं. तेव्हापासून मी चाकाखाली घालायचे ठोकळे आधी मोजते, मग सामान.

तुम्ही असं करा. तळाचा समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा उघडा. जिथं रेषेचं बंद कडं दिसेल आणि त्याला आतल्या बाजूला बारीक दात असतील, तो खड्डा. तिथं नको. रेषा एकमेकींना खेटून असतील तो हिमोढाचा चढ; तिथं वाटा अरुंद आणि वळणाच्या, गाडी मागे घेताना मुलाला घाम फुटेल. रेषा दूरदूर असतील तिथं बहुधा वितळलेल्या पाण्यानं पसरलेलं वाळू-खडीचं मैदान असतं. पाऊस पडला तरी पाणी जिरतं, गाडी सपाट बसते. ती जागा तुमची.

डेव्हिल्स लेकला तीन तळ आहेत. त्यातला 'क्वार्टझाइट' मोकळा आहे, सावली कमी, पण गाडी लावायला सोपा. 'आइस एज' गर्द झाडीत आहे. तंबूवाल्यांना तो आवडतो. तुम्हाला वीज हवीच, म्हणून सावलीचा मोह सोडा. वीज मोजक्या जागांनाच आहे आणि आरक्षण ११ महिने आधी उघडतं, म्हणजे शनिवार-रविवार कधीच गेलेले असतील. रविवारी पोचून गुरुवारी निघायचं बघा, आणि ४ जुलैच्या सुट्टीआधी परता, नाहीतर जत्रा. प्रत्येक जागेपुढे गाडीची कमाल लांबी लिहिलेली असते. २५ फुटांना ३० ची तरी जागा धरा. पाणी गाडीच्या टाकीत भरून न्यायचं आणि सांडपाणी नेमून दिलेल्या ठिकाणी रिकामं करायचं. हे काम मुलावर सोपवा, त्याला मोंटानाचा राग काढायला जागा मिळेल.

तिथली वीज १२० व्होल्टची, तेव्हा इथला मिक्सर नेऊ नका. वाटप घरून करून गोठवून न्या. ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी नि मायक्रोवेव्ह एकदम लावले की खटका पडतो आणि ह्यांचं मशीनही बंद. ते आधी ह्यांना सांगून ठेवा. जळाऊ लाकूड शिकागोहून नेऊ नका, झाडांची कीड पसरते म्हणून १० मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित लाकूडच चालतं. रात्री खाणं बाहेर ठेवू नका, रॅकून येतात. सुक्या बोंबलाची पिशवी तर गाडीबाहेर काढूच नका. आणि गवतातून आल्यावर मुलांच्या अंगावर गोचीड बघा. तिथं त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. माकडताप पाहिलेल्या सिंधुदुर्गातल्या माणसाला मी गोचिडीचं आणखी काय सांगू?

नातवासाठी एक खेळ. तळ्याला वाळूची पुळण आहे. खाणं थंड ठेवायच्या पेटीतला बर्फाचा मोठा खडा तिथं पुरायचा, वरून वाळू नि बारीक गोटे घालायचे आणि पोहायला जायचं. परत येईपर्यंत त्याचं स्वतःचं केटल तयार.

प्रश्न : आरव्ही मी चालवू का? इथं ३० वर्षं ट्रक चालवलाय.
— एक वाचक, लांजा

उत्तर : आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, एक वर्ष चालतो. भाड्यानं देणारे वयाची नि अनुभवाची अट घालतात, ती आधी विचारा. हात तुमचा पक्का आहे, प्रश्न डोळ्यांचा आहे: तिथं सगळं उजवीकडून. पहिला दिवस शेजारच्या सीटवर बसा.

प्रश्न : बाई, हिमयुगात आपल्या कोकणात बर्फ होता का?
— एक विद्यार्थी, गुहागर

उत्तर : नाही रे बाळा. बर्फ लांब उत्तरेला होता, पण त्यानं आपला समुद्र पळवला होता. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी इतकं पाणी बर्फाच्या थरांत अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा अंदाजे १२० मीटर खाली होती. किनारा पार पश्चिमेला सरकला. वाशिष्ठी, शास्त्री या नद्या त्या खालच्या समुद्रापर्यंत दऱ्या खोदत गेल्या. पुढे बर्फ वितळला, समुद्र वर चढला आणि त्या दऱ्यांत शिरला. दाभोळची खाडी, जयगडची खाडी म्हणजे त्याच बुडालेल्या दऱ्या. संध्याकाळी पुळणीवर गेलास की समोर होड्या दिसतील बघ. त्या आत्ता जिथं डोलतायत, तिथं तेव्हा तू चालत गेला असतास.