दिराच्या मुलीला महागडी भेट द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं नाशकात नोकरीला, थोरले दीर दिंडोरीकडे द्राक्षबाग करतात. नऊ वर्षांच्या पुतणीला या भाऊबीजेला टॅबलेट घ्यायचा आहे, पण ते दादांच्या (म्हणजे दिरांच्या) मनाला लागेल असं यजमानांना वाटतं.

त्यांना वाटतं ते बरोबर आहे. भेट जरूर द्या, पण दिवाळीत नको आणि टॅबलेट तर नकोच.

आधी वेळेचं बघा. बागेची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. तिथून पुढे पेस्ट (डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावतात ती), डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), औषधं, मजुरी असा पैसा नुसता बाहेर जात असतो. हातात येतो तो माल निघाल्यावर, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे तुमच्याकडे बोनस येतो नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्याकडे ओढाताण असते. त्यात ओवाळणी दुतर्फा. पुतणीने तुमच्या मुलाला ओवाळलं की तुम्ही टॅबलेट देणार, आणि लगेच त्याच पाटावर त्यांचा मुलगा बसला की तुमच्या मुलीच्या ताटात काय टाकायचं हा प्रश्न जाऊबाईंपुढे उभा राहणार. लग्नामुंजीतल्या आहेराची वही घरोघर असते: नाव, गाव, रक्कम, वस्तू. ओवाळणी त्या वहीत कुणी लिहीत नाही, पण मनात नोंद होतेच आणि ती फेडता आली नाही की येणं-जाणं कमी होतं. भेट महाग असण्यापेक्षा हे जास्त वाईट.

म्हणून चारचौघांत द्यायची रक्कम त्यांच्या आवाक्यात ठेवा. ते २०१ देत असतील तर तुम्ही फार तर ५०१, आणि सगळ्या मुलांना सारखंच पाकीट.

मोठी वस्तू जूनमध्ये, शाळा उघडताना द्या. तोवर मालाचे पैसे आलेले असतात, आणि शाळेच्या गरजेच्या वस्तूची परतफेड कुणी मोजत नाही. टॅबलेट का नको? दर महिन्याचा रिचार्ज आणि फुटलेली स्क्रीन त्यांच्या गळ्यात पडते, शिवाय धाकट्याशी रोज भांडण. त्यापेक्षा बिनगिअरची सायकल घ्या. या वयाला साधारण २४ इंची चाक चालतं, पण सीटवर बसून दोन्ही पावलांचे चवडे जमिनीला टेकतात का ते मुलीला बसवूनच बघा. दुकान दिंडोरीतलंच गाठा, म्हणजे ब्रेक-चेन बिघडली तर नाशकापर्यंत हेलपाटा नको. किमतीचं लेबल काढा, बिल आणि वॉरंटी कार्ड मात्र दिरांच्या हातात द्या.

हे विचारायचं कुणी? यजमानांनी दादांना, एकट्यात, खरेदीच्या आधी. "दादा, पोरीची सायकल यंदा मला घेऊ दे," एवढंच. नको म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारू नका. स्वयंपाकघरात इतर बायकांसमोर तुम्ही जाऊबाईंकडे विषय काढलात तर त्यांना नाही म्हणायची सोयच उरत नाही.

याहून जास्त द्यायचं मनात असेल तर सुकन्या समृद्धी खातं (मुलीच्या नावाचं सरकारी बचत खातं) चांगलं, पण ते मुलीला दहा पूर्ण व्हायच्या आत उघडावं लागतं. तुमच्या हातात वर्षही नाही. खातं आई-वडीलच उघडू शकतात, तुम्ही फक्त रक्कम द्यायची. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये, भरणा १५ वर्षं. एखादं वर्ष चुकलं तर खातं थकीत होतं आणि ५० रुपये दंड बसतो. तेव्हा उत्साहात मोठा आकडा कबूल करू नका. दरवर्षी नक्की जमेल तेवढाच सांगा. सख्ख्या काका-काकूंनी दिलेल्या पैशावर मुलीला आयकर नाही. मात्र तिच्या नावे बँकेत एफडी केलीत तर व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

सोन्याची अंगठी टाळा. दोन वर्षांत बोटाला घट्ट होते आणि मोडताना घडणावळ बुडते.

आणि त्यांच्याकडून द्राक्षांची पेटी, बेदाण्याची पिशवी आली की "कशाला आणलं" असं म्हणू नका. मुलांसमोर उघडा, वाटा, शेजारी द्या, "आमच्या दादांच्या बागेतली" म्हणून सांगा. मे महिन्यात दोन्ही पोरांना आठ दिवस नाशकात ठेवून घ्या. पांडवलेणी, तारांगण, सिन्नरचं गारगोटी संग्रहालय दाखवा. चारही पोरं एका गाडीत, सगळ्यांना एकच तिकीट, एकच आइस्क्रीम.