ग्रंथालयात कात्री, कागद आणि दोरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात वर्गाला आठवड्यातून ४० मिनिटांची एकच तासिका मिळते. मुलं ३५, वेगळी खोली नाही. हातांनी काही बनवायला सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : एका कागदाच्या पुस्तकापासून. ए-फोर कागद आणि कात्री एवढंच लागतं. कागद आडवा ठेवा. लांब कडा एकमेकींवर आणून दुमडा, उघडा. मग आखूड कडा जुळवून दुमडा आणि तीच घडी पुन्हा अर्धी करा. उघडल्यावर आठ चौकटी दिसतील. आता आखूड कडा जुळवून एकदाच दुमडा आणि घडीच्या बाजूने, मधल्या रेषेवरून, पुढच्या रेषेपर्यंत कापा. ही चीर साधारण साडेसात सेंटिमीटरची होते. कागद उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, चीर फाकेल. वरून अधिकचं चिन्ह दिसलं की पानं एका बाजूला वळवा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आत सहा पानं तयार.

बहुतेक मुलं चुकतात ती कापताना : घडीऐवजी उघड्या कडेकडून कात्री चालवतात. मग चीर मध्ये न पडता दोन्ही टोकांना पडते आणि पुस्तक होतच नाही. म्हणून कात्र्या वाटण्याआधी प्रत्येकाला घडीच्या कडेवर पेन्सिलीने ठिपका द्यायला सांगा. लिहिणं मात्र घड्या पूर्ण झाल्यावरच, कारण सपाट कागदावर लिहिलं तर निम्मी पानं उलटी येतात. कागद ७० ते ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या. जाड ड्रॉइंग पेपरच्या घड्या फुगतात.

पहिल्या तासिकेत फक्त पुस्तक बनवा, मजकूर दुसऱ्या तासिकेत. नुकत्याच वाचलेल्या गोष्टीतले सहाच प्रसंग निवडायला सांगा. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला मूल मूळ पुस्तक पुन्हा उघडतं. ग्रंथालयात हे करायचं ते खरं तर याच्यासाठी.

प्रश्न : चौथीच्या मुलांनी शिवलेल्या वह्यांची पानं भोकापाशी फाटतात. दोरा कमी पडतो का?

उत्तर : दोरा कमी पडत नाही, ओढण्याची दिशा चुकते. दोरा पानांपासून बाहेर, काटकोनात ओढला की भोक चिरतं. तो नेहमी कण्याला, म्हणजे वहीच्या घडीला, समांतर ओढावा.

चार ए-फोर कागद आणि एक कार्ड एकत्र अर्धं दुमडलं की १६ पानांची वही होते. घडीवर तीन भोकं : एक बरोबर मध्ये, दोन टोकांपासून ३ सेंटिमीटर आत. ती मोठ्यांनी टोच्याने, खाली जाड पुठ्ठा ठेवून पाडावीत. दोरा ५० सेंटिमीटर पुरतो. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मग मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर आणि शेवटी मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावर गाठ मारा. दोन्ही टोकं एकाच बाजूला राहिली तर मधला टाका सैल पडतो.

प्रश्न : दिवा लागणारं भेटकार्ड बनवलं. एका बटन सेलवर लाल आणि निळा एलईडी समांतर (दोन्ही थेट सेलच्या दोन टोकांना) जोडला, तर फक्त लालच लागतो. असं का?

उत्तर : लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, निळ्याला ३ च्या आसपास लागतात. समांतर जोडणीत लाल एलईडी सेलचा दाब २ व्होल्टच्या जवळ खाली आणतो, मग निळ्याला तो पुरत नाही. एका सेलवर एकाच रंगाचे एलईडी लावा. लांब पाय धन टोकाला. तारेऐवजी वापरायची तांब्याची चिकटपट्टी कोपऱ्यावर तोडू नका, दुमडून वळवा. अनेक पट्ट्यांच्या गोंदातून वीज नीट जात नाही आणि जोड ढिला पडतो.

बटन सेल पहिली-दुसरीच्या हातात देऊच नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजणं होऊ शकतं. मोठ्या मुलांनाही मोजून द्या, मोजून परत घ्या. एखाद्याने गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : चिकटवलेली पानं लाटांसारखी होतात आणि गोंद पुस्तकांना लागण्याची भीती वाटते.

उत्तर : पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने कागद फुगतो. कांडीचा गोंद वापरा, किंवा पांढरा गोंद ब्रशने अगदी पातळ लावून कोऱ्या कागदांमध्ये, वजनाखाली रात्रभर ठेवा. गोंदाचं टेबल कपाटांपासून लांब, एकच, आणि त्यावर एका वेळी पाच-सहा मुलं. हात धुतल्याशिवाय कपाटाला हात लावायचा नाही.

प्रश्न : तयार पुस्तकांचं पुढे काय करावं?

उत्तर : त्यांना दाखल क्रमांक द्या, नोंदवहीत लिहा आणि इतर पुस्तकांप्रमाणे वाचायला द्या. एका कागदाची पुस्तकं फार लहान असल्याने कपाटात मागे पडतात; ती पाकिटात घालून, पाकिटावर मुलाचं नाव लिहून एका खोक्यात उभी ठेवा.