वॉर्डातला पाणउतारा आणि स्वतःचं काही सुरू करण्याची उमेद

प्रश्न : मिरजेत खासगी रुग्णालयात सहा वर्षं स्टाफ नर्स आहे. सलाईन बदलायच्या वेळा खाटेपाशी लिहून ठेवू, असं सुचवलं, तर इन्चार्ज सिस्टर नातेवाइकांसमोर म्हणाल्या, "फार शहाणी झालीस!" तेव्हापासून नाइट माझ्याच वाट्याला. घरी जाऊन रुग्णसेवा द्यायचा व्यवसाय मनात होता, आता हिंमतच होत नाही.

उत्तर : ताई, तुमची सूचना चांगली होती, हे आधी सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सांगताना, मलाही असंच चारचौघांत झापलं होतं. पुढे कितीतरी महिने चूक दिसली तरी मी तोंड उघडलं नाही. उणीव दिसली की आपणहून हात घालायचा, ही सवयच व्यवसायाला लागते आणि पाणउतारा नेमकी तीच मारतो. म्हणून वहीत लिहा : तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं. ड्युटीच्या तक्त्याचे फोटो ठेवा, नाइट किती लागल्या ते मोजून दाखवता येईल. मग मॅट्रनकडे, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेकडे, लेखी तक्रार द्या, पोच घ्या. त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर 2013 च्या कायद्याने तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे जा. आणि सुट्टीच्या दिवशी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ओळखीतल्या एखाद्या आजींचं ड्रेसिंग करायला लागा. एकच रुग्ण घ्या. तिथे तुम्हाला कोणी टाकून बोलणार नाही.

प्रश्न : कराडला लॅब टेक्निशियन आहे. साहेब रिपोर्ट अंगावर फेकतात. राजीनामा देऊन लॅब टाकावी म्हणतो, पण मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाकडे अडकली आहेत.

उत्तर : रागाच्या भरात राजीनामा नको. प्रमाणपत्रं तुमची आहेत, ती लेखी मागा, स्पीड पोस्टाने. लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजिस्टची (अशा तपासण्यांमधल्या तज्ज्ञ डॉक्टरची) सही लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच स्पष्ट केलंय. त्यामुळे आधी एखाद्या पॅथॉलॉजिस्टशी बोलून नमुने गोळा करायचं केंद्र काढा. तिथे वापरलेल्या सुया पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यातच टाका. भांडवलाला मुद्रा योजनेत 'किशोर' गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळतं.

प्रश्न : सांगलीत माझं छोटं रुग्णालय आहे. बैठकीत कर्मचारी काहीच सुचवत नाहीत.

उत्तर : डॉक्टर, राउंडला तुम्ही कोणाला, कोणासमोर रागावता ते आठवा. पुढच्या बैठकीत आधी आयाबाईंना आणि वॉर्डबॉयना बोलू द्या, तुम्ही शेवटी बोला. ज्याची सूचना मागे उडवून लावली होती, त्यालाच ती महिनाभर करून बघायला सांगा.