पल्सार मागे नेताना वय कोणतं धरायचं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: सिमाइझ १४७ या सुपरनोव्हाच्या (ताऱ्याच्या स्फोटाच्या) अवशेषात जे०५३८+२८१७ हा पल्सार, म्हणजे स्फोटातून उरलेला, वेगाने फिरत रेडिओ स्पंद पाठवणारा ताऱ्याचा गाभा, आहे. फिरकीवरून त्याचं वय ६ लाख वर्षं येतं, अवशेष मात्र काही दशसहस्र वर्षांचा दिसतो. मग दोघांचं नातं नाहीच म्हणायचं का?

घाई करू नका. इथे फसवतंय ते फिरकीचं वय. आवर्तकालाला (एका फेरीच्या वेळेला) त्याच्या वाढीच्या दराच्या दुपटीने भागताना आपण गुपचूप धरून चालतो की पल्सार जन्मला तेव्हा आताच्या कितीतरी पट वेगाने फिरत होता. हा आज १४३ मिलिसेकंदांत एक फेरी घेतो. जन्मतःच तो १३९च्या आसपास असेल, तर सगळा हिशोब जुळतो.

आता निजगती, म्हणजे पल्सारचं आकाशात दरवर्षी सरकणं, बघा. वर्षाला साधारण ५८ मिलिआर्कसेकंद (एक म्हणजे अंशाचा ३६ लाखावा भाग). अवशेषाच्या मध्यापासून पल्सार सुमारे ०.६ अंशावर, म्हणजे २१ लाख ६० हजार मिलिआर्कसेकंद दूर आहे. भागाकार केला की ३७ हजार वर्षं. यात पल्सारचं आपल्यापासूनचं अंतर कुठेच लागलं नाही, आणि म्हणूनच मला हे वय जास्त भरवशाचं वाटतं. अंतर लागतं ते वेगासाठी: ४.७४ (एककं जुळवणारा आकडा) × ५८ × १.३ किलोपार्सेक (एक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं), म्हणजे सेकंदाला साधारण ३५७ किमी, तोही फक्त आडवा. आपल्या दिशेचा वेग पल्सारच्या बाबतीत मोजताच येत नाही.

खरी गोची मध्याची आहे. औंधला घरी या अवशेषाची मोठी प्रिंट काढून आम्ही तिघांनी ट्रेसिंग पेपरवर आपापलं वर्तुळ काढलं होतं. तीन अंशांचा अवशेष २७ सेंटिमीटरांत बसला होता. तिघांचे मध्य तीन ठिकाणी आले. त्या प्रिंटवर पल्सारच्या वाटेवर मध्य एक सेंटिमीटर सरकला की वय ७ हजार वर्षांनी बदलतं! स्फोटाचं कवच सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, त्यामुळे आकाराचा मध्य म्हणजे स्फोटाची जागा असं समजू नका. क्रॅब नेब्युला या दुसऱ्या अवशेषाचे तंतू मागे नेले तर स्फोट ११३०च्या सुमारास झाला असं निघतं, पण चिनी नोंदी १०५४च्या आहेत. तिथल्या पल्सारमधून वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्याने तंतूंना मागाहून रेटा दिला, म्हणून हा फरक.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रतिमांवरून निजगती काढायचा तुमचा विचार सोडा. २५ किमी पसाऱ्यात १४०० मेगाहर्ट्झला जेमतेम २ आर्कसेकंदांचा (२००० मिलिआर्कसेकंदांचा) तपशील दिसतो. स्पंदांच्या वेळा वर्षानुवर्षं नोंदल्या तर निजगतीमुळे वार्षिक लाट दरवर्षी मोठी होत जाते, पण तरुण पल्सारची फिरकी अस्थिर असते आणि ती लाट त्यात बुडते. एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूरच्या दुर्बिणी जोडून केलेली मोजमापं छापून आलेली आहेत, तीच घ्या.

आणि मध्य म्हणून एक बिंदू घेऊ नका, तो जिथे जिथे असू शकतो ते सगळं व्यापणारं लंबवर्तुळ घ्या. त्यातून हजारेक बिंदू उचला, प्रत्येकाचं वय काढा आणि आलेख इथे टाका. लाखो वर्षं मागे जायचं असतं तर आकाशगंगेचं गुरुत्वाकर्षणही धरावं लागलं असतं. ४० हजारांसाठी सरळ रेषा पुरते.